लाल चौकट

"या बिस्किटांपेक्षा नोटीस बरी, निदान ताजी तरी असते," चौकशीच्या बैठकीत शेजारी बसलेल्या राणेसिस्टर पुटपुटल्या. हेमांगीला हसू आलं आणि लगेच विरलं. नोटीस राणेसिस्टरांनाच आली होती.

पेनिसिलिन चालत नसलेल्या बाळंतिणीला त्यांनी तेच टोचलं होतं. बाई गेली. तिचं पोर आता आजीकडे वाटीचमच्यानं दूध पीत होतं.

इस्पितळाच्या कॉम्प्युटरवरचे फॉर्म हेमांगी सांभाळायची. मूळ फॉर्म म्हणजे आई, वॉर्डावॉर्डांचे फॉर्म तिची लेकरं. आईत सुधारणा झाली की लेकरांत ती आपोआप उतरायची. दीड वर्षापूर्वी मूळ फॉर्ममध्ये ऍलर्जीची नोंद दाखवणारी लाल चौकट आली आणि सगळ्या वॉर्डांत पोचली. बाळंतिणींच्या वॉर्डात मात्र ती पोचली नाही. तिथल्या मोठ्या डॉक्टरांना स्क्रीनवर काही हललेलं खपत नसे, म्हणून हेमांगीनं त्यांचा फॉर्म जुन्या आवृत्तीलाच बांधून ठेवला होता. हे या टेबलाभोवती बसलेल्या सगळ्यांना ठाऊक होतं.

"ओपीडीत ऍलर्जीची नोंद झाली होती. सिस्टरांनी ती वाचली नाही," मोठे डॉक्टर म्हणाले. माना हलल्या.

राणेसिस्टरांनी अर्धं बिस्कीट बशीत ठेवलं. "मला दिसलीच नाही हो."

"दिसली नाही म्हणजे काय?"

हेमांगी उठून उभी राहिली.

"दिसणार कशी? त्यांच्या फॉर्मवर ती चौकटच नव्हती. सर, तुम्ही नको म्हणालात, आणि मी ती येऊ दिली नाही."