हमाल जरा डावीकडे

कापसाचा धूर. रंगवलेल्या भुशाचं गवत. नखाएवढा हमाल. छंदाच्या मासिकासाठी छोट्या रेल्वेच्या देखाव्यांचे फोटो काढून सुधन्वाची कंबर मोडली होती. आजचं हे तिसरं घर.

“काका, हमाल जरा डावीकडे घ्या.” दुसऱ्याच्या देखाव्याला तो कधीच हात लावत नसे.

काकांनी थरथरणारे हात खिशात लपवले. “अगं, ऐकलंस का?”

काकू कणकेचे हात पुसत आल्या आणि भुवयांच्या चिमट्याने त्यांनी हमाल अलगद सरकवला.

“फोटोखाली नाव कोणाचं छापायचं?” सुधन्वाने विचारलं.

काका खिडकीबाहेर बघत राहिले.

“ह्यांचंच टाका हो. माझं वाचून भिशीतल्या बायका हसतील.”

सुधन्वाने काकांचं नाव लिहून घेतलं.

काकांचे हात दोन वर्षांपूर्वी थरथरू लागले; देखाव्यातला डोंगर, बोगदा आणि चारशे झाडं त्यानंतरची.