डोंगराच्या पोटातली जाळी

"खोदा!" अक्ली ओरडला. "सगळा थर उपसा!"

गावकऱ्यांनी मुकाट फावडी उचलली. स्वतःच दाबून बसवलेली माती ते पुन्हा उकरू लागले. भिंतीखाली शाळेचं छप्पर दिसत होतं, आणि थंडीतला पाऊस तोंडावर आला होता.

अक्ली डोंगराची माती अडवणाऱ्या या भिंतीचा मुकादम. महिनाभर तो दिवसा कामावर आणि रात्री इस्पितळात, बायको वर्दियाच्या उशाशी. शेवटी ती गेल्याचा फोन आला, तसा तो होता तसाच धावला. तो सुतकात बसला तेव्हा अल्जीरियाच्या डोंगरातलं ते अख्खं काबिली गाव तिवीझीला, म्हणजे बिनमजुरीच्या कामाला, उतरलं. त्यांनी भिंत एका थरानं वर चढवली. परतल्यावर ते पाहून अक्लीला रडू कोसळलं होतं.

आज मात्र भिंतीच्या तोंडाशी, मातीच्या थरांमध्ये अंथरायच्या प्लास्टिकच्या जाळीची कड त्याला दिसली. माती धरून ठेवायचा सगळा जोर जाळीच्या जाड पट्ट्यांत असतो. त्या डोंगरात आत शिरायला हव्यात. इथं त्या भिंतीच्या लांबीनं पडल्या होत्या. पहिल्याच मोठ्या पावसात भिंत शाळेवर आली असती.

"दा मोहंद!" तो गावच्या म्हाताऱ्या म्होरक्यावर उसळला. "लग्नातल्या चटया वाटल्या काय तुम्हाला? पोरं गाडली गेली असती, पोरं!"

म्हाताऱ्यानं मान खाली घातली. "चुकलं, लेकरा. अडाणी माणसं आम्ही."

"माया करायला निघताना अक्कल घरी ठेवून आलात?"

लोक फावडी मारत राहिले. कालपर्यंत याच लोकांनी त्याच्या दारात कुसकुसचं जेवण आणून ठेवलं होतं. अक्लीला स्वतःचीच लाज वाटत होती, पण तोंड काही थांबेना. वर्दियामागं या गावाशिवाय त्याला होतं कोण? तेही त्यानं आज तोडलं.

"निघा सगळे! माझ्या भिंतीला हात लावू नका."

लोक निघून गेले. धाकटी बहीण दाहबिया तेवढी थांबली.

"दादा, पुरे कर रे आता."

"तूही त्यांचीच बाजू घे!"

"सुतकातल्या माणसाला उलट बोलायचं नाही, म्हणून दा मोहंदनं सगळ्यांना शपथ घातली होती." तिला हुंदका आवरेना. "जाळीला गावातल्या कुणी बोटसुद्धा लावलं नाही. फोन आला तेव्हा ती तूच अंथरून गेला होतास. आम्ही वर नुसती माती टाकली."