सात देशांची पाहणी

संध्याकाळी ती दमूनभागून घरी आली, तर बाबांनी दारातच तिला "सुप्रभात" म्हटलं.

ती हसली खरी, पण बूट काढता काढता तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. असं आता वरचेवर होऊ लागलं होतं.

बाबा दंतवैद्य. आयुष्यभर त्यांनी लोकांना तोंड उघडायला लावलं आणि आई गेल्यावर स्वतःचं मिटून घेतलं. घरात दोघंच. ती विद्यापीठात समाजशास्त्र शिकवायची आणि समाजशास्त्रज्ञांच्या जागतिक संघटनेतल्या एका समितीची सचिव होती. सात देशांतले सात जण मिळून म्हाताऱ्या माणसांच्या एकटेपणाची पाहणी करत होते. एका देशात जमवलेली उत्तरं दुसऱ्या देशात तपासली जायची, त्यांची कोष्टकं तिसरीकडे व्हायची. प्रश्नांच्या शब्दांवरून कडाक्याची भांडणं व्हायची आणि लगेच कुणाच्या तरी मुलाच्या परीक्षेची चौकशी. या सहा परक्या माणसांइतकं जवळचं तिला दुसरं कुणी नव्हतं.

बैठक संगणकावर व्हायची. तिला घरी पोचायला उशीर झाला की बाबाच संगणक सुरू करून ठेवत आणि ती येईपर्यंत पलीकडे जे कुणी असेल त्याला बोलण्यात गुंतवत. ती आली की खोलीचं दार लावून घ्यायची.

अलीकडे मात्र बाबांचं काहीतरी बिनसलं होतं.

भर दुपारी ते गाढ झोपायचे. पहाटे त्यांच्या खोलीतून बोलणं ऐकू यायचं, मध्येच खदखदून हसणं. विचारलं तर म्हणायचे, "कुठे काय?" जेवताना एखादा असा शब्द बोलून जायचे की तो कुठल्याच भाषेतला वाटू नये. आणि सगळ्यात वाईट म्हणजे दर रविवारी तेच ते प्रश्न.

"या आठवड्यात दुपारी कोणाबरोबर जेवलीस, ठमे?"

"संगणकाबरोबर, बाबा."

"आणि पोटभर हसलीस कधी शेवटची?"

तिला आठवायचं नाही. बाबा मान डोलावून आपल्या खोलीत जात. पुढच्या रविवारी पुन्हा पहिल्यापासून सुरू, तेही शब्दाला शब्द तसंच.

तिने धाकट्या भावाला फोन केला. तो म्हणाला, वय झालं, चालायचंच. तिला ते चालणार नव्हतं. ती बाबांना डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी बराच वेळ तपासलं आणि यांची स्मरणशक्ती माझ्यापेक्षा चांगली आहे असं सांगितलं. तिला डॉक्टरच बदलावासा वाटला.

तशात संघटनेचं अधिवेशन तोंडावर आलं. पाहणीचे निष्कर्ष तिथे मांडायचे होते. तिने समितीच्या अध्यक्षबाईंना कळवलं की वडिलांना एकटं सोडून येणं जमणार नाही. अध्यक्षबाई लांबच्या एका थंड देशातल्या, शिस्तीच्या कडक. आता आपली खरडपट्टी निघणार असं तिला वाटलं. पण त्या हळूच म्हणाल्या, त्यांना घेऊनच ये, मीही माझ्या आईला आणते आहे.

तिने बाबांना विचारलं. ते म्हणाले, बघू, विचार करून सांगतो. संध्याकाळपर्यंत त्यांची बॅग भरून तयार होती.

अधिवेशनाच्या इमारतीत सातही जण पहिल्यांदाच समोरासमोर आले. इतकी वर्षं सगळ्यांनी एकमेकांना फक्त खांद्यांपर्यंत पाहिलं होतं. अध्यक्षबाई प्रत्यक्षात एवढ्या ताडमाड असतील असं कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. मिठ्या मारताना दोघांचे चष्मे एकमेकांत अडकले आणि ते सोडवताना हसून हसून सगळ्यांची पुरेवाट झाली.

निष्कर्षांच्या वेळी सभागृह भरलं होतं. बाबांना तिने शेवटच्या रांगेत बसवलं. मग एकेक कोष्टक ती पडद्यावर मांडत गेली. शेवटी लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. डोळे पुसत तिने शेवटच्या रांगेकडे पाहिलं.

बाबांची खुर्ची रिकामी होती.

अभिनंदनाला पुढे आलेले हात तसेच सोडून ती धावली. उपाहारगृह पाहिलं, जिने पाहिले, बाहेरची बाकं पाहिली. परकं गाव, परकी भाषा. जगभरातल्या म्हाताऱ्यांचं एकटेपण आपण मोजत बसलो आणि आपल्या बापाबरोबर दुपारचं जेवलो नाही, हे तिला एका मोठ्या खिडकीपाशी उमगलं आणि तिथेच रडू फुटलं.

समोरून अध्यक्षबाई धापा टाकत आल्या. केस विस्कटलेले. "माझी आई सापडत नाहीये," त्या म्हणाल्या. "अलीकडे तिचं काही खरं नाही गं. बर्फ पडत असताना मला विचारते, आंबे पिकले का."

त्यांच्या मागोमाग समितीतला आकडेवारीवाला आला. तो सासऱ्यांना शोधत होता.

तिघं एकमेकांकडे बघत उभी राहिली. तेवढ्यात व्हरांड्याच्या टोकाच्या खोलीतून हसण्याचा कल्लोळ उठला. त्यातलं एक हसू तिच्या ओळखीचं होतं. तिने पळत जाऊन दार ढकललं.

लांबलचक टेबलाभोवती सात देशांतली सात म्हातारी माणसं जमली होती. कुणाचे गाल हसून लाल झालेले, कुणाच्या हातात रंगीत आलेख. अध्यक्षबाईंच्या आई टेबलावर मूठ आपटून सगळ्यांना शांत करत होत्या. बाबा टाय लावून फळ्यापाशी उभे होते. फळ्यावर त्यांच्याच अक्षरात मथळा होता: 'आईवडील हाताशी असूनही एकटी पडलेली मुलं'.

तिने तोंड उघडलं, तसं बाबांनी ओठांवर बोट ठेवलं.

"ये, ठमे. त्या दोघांनाही आत घे," ते म्हणाले. "पण मध्ये बोलायचं नाही. नमुने मागच्या रांगेत बसतात."