सहाशे ग्रॅमची जागा

काट्याची सुई एकोणसत्तर किलो चारशेवर थांबली, आणि करकोचीच्या वेषातल्या बाईने आनंदाने काट्यावरच उडी मारली. सुई बिचारी भेदरून नव्वदपर्यंत जाऊन आली.

"स्थिर उभी राहा गं," रंगमंचावरच्या दोऱ्या सांभाळणारे दोरीकाका म्हणाले. "वाळूच्या पिशव्या तोलायचा काटा आहे तो."

पण ती कसली स्थिर राहते! दोरीवर उडायचं तर पंखांसकट सत्तर किलोच्या आत, हा या रंगमंचाचा कायदा होता आणि ब्रह्मदेव आला तरी दोरीकाका तो मोडत नसत. अकरा वर्षं या नाटकमंडळीत तिने झाड केलं, दार केलं, घोड्याचे मागचे पाय केले. आता कुठे मुख्य काम समोर आलं होतं, पिल्लं शोधत उडणाऱ्या म्हाताऱ्या करकोचीचं. चार वाजता दिग्दर्शक येऊन बघणार होता. तिला उडता आलं तर काम तिचं, नाही तर पन्नास किलोची एक नवी मुलगी तयारच होती. सव्वातीन वाजून गेले होते.

"अडीच महिन्यांत साडेअकरा किलो, काका." तिने पट्ट्यात खोचलेली वही काढून नाचवली. "घास न् घास लिहिलाय. दिवसाला आठशे कॅलरी, वर एक नाही. आता तर मला भूकसुद्धा लागत नाही."

दोरीकाकांनी वहीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. तिचा पट्टा दोनदा ओढून बघितला, त्यात दोरीचा आकडा अडकवला आणि दोरी खेचली.

तिचे पाय फळ्यांवरून सुटले. गुडघाभर, कमरेएवढी, पुरुषभर. तिला हसू आवरेना. रिकाम्या खुर्च्या खाली खाली जात होत्या.

"पंख," काका म्हणाले.

तिने पंख उघडले. तीन मोजेपर्यंत दंड लटपटायला लागले, पाचाला पंख मिटले. डोळ्यांपुढे काजवे चमकले आणि करकोची वाळत घातलेल्या टॉवेलसारखी लोंबकळू लागली. काकांनी तिला अलगद खाली घेतलं.

ती फळ्यांवर बसूनच राहिली. "वजन तर बरोबर आहे ना, काका?"

"अगदी बरोबर. पण चरबीबरोबर दंडसुद्धा उतरवलेस. पूर्वी माझ्याबरोबर वरच्या माळ्याच्या पायऱ्या रोज दहा वेळा चढायचीस. ते का सोडलंस?"

"धाप लागायची. आणि वहीतले आकडे जुळत होते. मला वाटलं, कॅलरी मोजल्या की झालं."

"आज काय खाल्लंस?"

"आज वजन करायचं होतं ना. काही नाही."

काकांनी कपाळाला हात लावला. मग घड्याळाकडे पाहिलं, आपला डबा उचलला आणि म्हणाले, "चढ काट्यावर."

"परत?"

"सत्तरला सहाशे ग्रॅम कमी आहेत. तेवढी जागा आहे तुझ्यात. चढ."

ती चढली. काकांनी तिच्या हातात दोन उकडलेले बटाटे ठेवले. सुई अडीचशेने सरकली. तिने बटाटे अंगापासून लांब धरले.

"अहो, खाल्लेही नाहीत अजून."

"हातात असले काय आणि पोटात गेले काय, काट्याला सारखंच. खा."

"यात किती कॅलरी असतील?"

"माझ्या काट्यावर फक्त किलो असतात."

पहिला घास तिने भीत भीत घेतला, दुसरा नुसताच घेतला, तिसऱ्यापासून तिला कॅलरी विचारायचं भान उरलं नाही. वर दोन अंडी आली, मग एक केळं. पाठीवर सहा फुटांचे पांढरे पंख, दोन्ही गाल फुगलेले, आणि नजर सुईवर. केळ्याचं साल टाकल्यावर सुई जराशी मागे आली, तर काकांनी तेवढं पाणी वाढवून दिलं. एकोणसत्तर नऊशेवर त्यांनी डब्याचं झाकण लावलं.

"हे आजच्यापुरतं," ते म्हणाले. "उद्यापासून पायऱ्या. आणि दोन वेळा जेवण. कबूल नसेल तर मी आकडा अडकवणार नाही."

"कबूल."

"मग टेक जरा. चारला अजून वीस मिनिटं आहेत."

दिग्दर्शक आला तेव्हा तिच्या गालांवर रंग आला होता, आणि तो काही रंगपेटीतला नव्हता. काकांनी दोरी खेचली. करकोची वर निघाली. पंख उघडले, थरथरले, पण मिटले नाहीत. दहा मोजून झाले, वीस झाले. पिल्लांना हाक मारायचं वाक्य ती इतक्या मोकळ्या गळ्याने म्हणाली की दिग्दर्शक खुर्चीतून उठून पुढे आला.

"पुन्हा," तो म्हणाला.

ती पुन्हा उडाली. तिसऱ्यांदा उडाली. दोरीकाकांचा शर्ट घामाने चिंब झाला होता, पण दोरीला एक हिसका बसला नाही. दिग्दर्शकाने कागद काढला, नव्या मुलीच्या नावावर पेन्सिलीने काट मारली आणि वर बघून सांगितलं, "काम तुझं."

वरून, पंखांमधून आवाज आला.

"काका, भूक लागली."

"हे संहितेत नाही," दिग्दर्शक म्हणाला.

दोरीकाकांनी दोन्ही हातांनी दोरी धरली होती. त्यांनी पायानेच डबा काट्याजवळ सरकवला.