बोटीखालचा आवाज

बोटीच्या तळाला काहीतरी धाडकन आदळलं आणि खरवडत मागे गेलं.

डॉक्टरांचं बोलणं अर्ध्यावर राहिलं. ते पाठमोरे बसून मेहुण्याला एका पेशंटची गंमत सांगत होते. स्टिअरिंगवर त्यांची मुलगी होती. तिच्याकडे परवाना नव्हता. ‘तलाव मोकळाच आहे, धर जरा,’ म्हणून त्यांनीच तिला तिथे बसवलं होतं.

त्यांनी तिला बाजूला करून स्टिअरिंग हातात घेतलं, मागे पाहिलं. उन्हात पाणी असं चकाकत होतं की डोळे उघडवेनात.

“ओंडका असेल हो, भावजी,” मेहुणा म्हणाला. “चला.”

डॉक्टर निघाले खरे, पण जीव थाऱ्यावर नव्हता. वेग वाढवायचे, लगेच कमी करायचे. ओंडका असा वाजतो? जन्मभर दात ठोकून पाहिलेल्या माणसाला भरीव काय आणि पोकळ काय, एवढं तरी आवाजावरून कळतं. हे पोकळ होतं. परवान्याच्या वेळी शिकवणाऱ्या बाईंनी बजावलं होतं, ‘बोट कुणीही चालवो, जबाबदार मालकच. काही आदळलं तर थांबायचं, शोधायचं, कळवायचं.’ तेव्हा त्यांनी मान डोलावली होती. मान डोलवायला काय जातं!

“बाबा,” मुलगी रडवेली होऊन म्हणाली, “लाल काहीतरी होतं. अगदी जवळ आल्यावर दिसलं मला.”

डॉक्टरांनी बोट वळवली.

“अहो, काय करताय?” मेहुणा ताडकन उठला. लाइफ जॅकेट अंगात घालायचं सोडून तो त्याच्यावरच बसला होता. “कळवलंत की पहिला प्रश्न येणार, चालवत कोण होतं? पोरीच्या मागे लचांड लावायचंय का? कुणी पाहिलेलं नाही.”

“बोट माझी आहे,” डॉक्टर म्हणाले. “तू आधी ते जॅकेट घाल.”

त्यांनी वायरलेसवर बचावकेंद्राला सगळं सांगितलं. चालवत कोण होतं, तेही सांगितलं. मुलगी खाली मान घालून ऐकत राहिली.

थोड्याच वेळात ती दिसली. एकट्याने वल्हवायची लाल कयाक, उलटी पडलेली, तळावर ताजा ओरखडा. माणूस कुठेच नव्हता.

डॉक्टरांनी इंजिन बंद करून हाका मारल्या. उत्तर नाही. पाण्याखाली पाहायचा धीर होईना आणि पाहिल्याशिवाय राहवेना. पुन्हा इंजिन सुरू करून ते सावकाश घिरट्या घालू लागले. प्रत्येक फेरी आधीपेक्षा मोठी.

“बाबा, तिकडे!”

वारा येत होता त्या दिशेला, बऱ्याच लांब, पाण्यावर एक डोकं होतं. अंगातल्या जॅकेटने तेवढं तरंगत ठेवलेलं. हातसुद्धा वर उचलवत नव्हता त्याला.

पंख्याचा धक्का लागू नये म्हणून डॉक्टरांनी अलीकडेच इंजिन बंद केलं आणि वल्हं मारत बोट जवळ नेली. मेहुण्याने पालथं पडून, जॅकेटच्या पट्ट्यांना धरून माणूस आत ओढून घेतला. डॉक्टरांनी त्याचं डोकं चाचपलं, पाठ, पाय. कुठे जखम नाही. पुन्हा चाचपलं.

“आमचीच बोट आदळली,” ते म्हणाले. “चूक माझी. मी तर निघूनच गेलो होतो.”

त्या माणसाचे दात वाजत होते. त्याला काही उमजलं नसावं.

“आदळली? माझी होडी केव्हाच उलटली. वाऱ्याने माझ्यापासून कुठल्या कुठे गेली.” त्याने दम घेतला. “तेव्हापासून ओरडतोय. लांबून दोन-तीन बोटी गेल्याही. एकही वळली नाही.”

त्याने डॉक्टरांचं मनगट घट्ट धरलं.

“तुम्हालाच कशी हो ऐकू आली माझी हाक?”