दुसऱ्या पक्ष्याचं कुंकू

दसऱ्याचं सोनं द्यायला आलेले व्याही पूजेसाठी भिंतीवरून काढून पाटावर ठेवलेल्या जपानी तलवारीपाशीच बसले. माझ्या बायकोने प्रदर्शनातून हौसेने आणलेली, शोभेची तलवार.

"एकट्या माणसाला कशाला हवी? मला द्या." मुठीपाशी असलेल्या पितळी चकतीवर दोन पक्षी कोरलेत. व्याह्यांनी चष्मा पुसून पाहिलं. "एकाचंच डोकं लाल. काय कारागीर असेल."

"कारागीर आमची ही. दर दसऱ्याला पूजेत कुंकू लावायची."

"मग दुसऱ्याला का नाही?"

"तो दुसरा म्हणजे मी. 'आधी आंघोळ करा,' म्हणायची. मी येईपर्यंत पूजा आटोपलेली असायची."

व्याही पोट धरून हसले. मलाही हसू आलं.

"यंदा ओरडायला ती नाही, तर पहाटेच आंघोळ झाली."

तिचा करंडा उघडून मी दुसऱ्या पक्ष्याला कुंकू लावलं आणि तलवार पुन्हा भिंतीवर टांगली.