पेन्सिलीची चिठ्ठी

आपल्या शेवटच्या विद्यार्थ्यानं, सुधन्वानं, मेट्रोतून दिल्लीतल्या द्वारकेला घरी आणलेली कुपी निवृत्त प्राध्यापक चंद्रप्रभाबाईंनी उजेडात धरली आणि त्यांचं डोकंच फिरलं. चव्वेचाळीस वर्षांपूर्वी हिमालयातल्या मुनस्यारीच्या ओढ्यात त्यांनी पकडलेली स्टोनफ्लाय ही पाणमाशी आता कुठे नवी प्रजाती ठरत होती, आणि कुपीतली ठिकाण-तारखेची चिठ्ठी कोरी! “मॅडम, तुमची चिठ्ठी पिवळी पडली होती, म्हणून मी छान प्रिंट काढून घातली,” सुधन्वा पुटपुटला. “अरे शहाण्या, अल्कोहोलमध्ये प्रिंटरची शाई टिकते का? म्हणून तर आम्ही पेन्सिलीनं लिहायचो! कुठंय माझी चिठ्ठी?” “फेकली.” “आता ठिकाणाच्या पुराव्याशिवाय वर्णन छापणार कोण?” “मॅडम, तुम्हाला सगळं आठवतं ना?” “त्या दिवशीचं ऊनसुद्धा आठवतं! पण शोधपत्रिकेचे परीक्षक म्हातारीची आठवण मानत नाहीत.” बाईंनी गुडघ्याचा पट्टा आवळला. “बर्फ वितळला, की माश्या पुन्हा निघतील. दोन तिकिटं काढ. पाण्यात तू उतर, दगड मी दाखवते.”